आवाराचा नकाशा

विद्यापीठाच्या फाटकावर पाहुण्यांना नकाशा देतात. तो घेऊन जुन्या इमारती आपल्या आपण बघत फिरायचं. माझ्या नवऱ्यानं इथं तीस वर्षं इतिहास शिकवला, तरी गंमत म्हणून मी नकाशा घेतला.

घड्याळाच्या मनोऱ्यापाशी हे थांबले. नकाशा उलटसुलट करत म्हणाले, "इतिहास विभाग कुठे दाखवलाय?"

विभागाची दगडी कमान समोरच होती. ओळखीची जागा अशी भर उन्हात, काही पडझड न होताही नाहीशी होते तर.

मी त्यांना कमानीखाली नेलं. तिथं त्यांनी अदबीनं विचारलं, "तुम्ही इथंच शिकलात का?"

लग्नानंतर त्यांनी मला कधीच 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"हो," म्हणत मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, एवढ्याच आधारावर आम्ही पुढच्या इमारतीकडे निघालो.