उभ्या कड्यावरची कोंबडी

रायगड ते प्रतापगड मी एकदा पायी गेलो आहे, आणि हे वाक्य मी चारचौघांत कधीही उच्चारत नाही.

उच्चारायला हरकत काहीच नाही. पाय माझे, फोड माझे, वाटेतल्या काट्यांनी फाटलेलं धोतरही माझंच. पण वाक्य पुरं व्हायच्या आत समोरचा अत्यंत आदरानं विचारतो, "मास्तर, आणि ती कोंबडी?" मग मी पाण्याचा तांब्या मागतो आणि विषय भातपिकावर नेतो.

या सगळ्याचं मूळ माझ्या दिवाळसणात आहे. मी महाडच्या शाळेत मास्तर. बायको सगुणा पोलादपूरच्या वरच्या डोंगरातली. तिच्या माहेरची माणसं चालणारी. म्हणजे किती? मीठ संपलं तर सकाळी उठून पोलादपूरला येतील, मीठ घेतील, आणि विडी विसरली म्हणून दुपारी परत येतील! अशा घरी मी जावई म्हणून दिवाळसणाला गेलो तो बैलगाडीत बसून. गाडी जिथं थांबली तिथून पुढची चढण मी अशी काही चढलो की थोरले मेहुणे गणूदादा गाडीवानाला म्हणाले, "रे, बैलांना पानी दाव. आनि आदी पावन्यांना दाव, बैल तेवढे दमलेले नाय!"

सगळं अंगण हसलं. सगुणा तेवढी हसली नाही. त्यानंतर ती माहेरी गेली की कुणीतरी विचारायचंच, "काय गो, तुजा मास्तर चालाय लागला का?" जसं काही मी रांगतं पोर! ती मला एका शब्दानं बोलली नाही, पण माहेरचं नाव काढणंच तिनं कमी केलं. हे मला लागलं.

अशात माझा मावसभाऊ दिनू मुंबईहून दासगावच्या बंदरात उतरला. तो एका फिल्म कंपनीत कॅमेऱ्याची पेटी उचलायच्या कामावर होता. या खेपेला कंपनीचा एक जुना कॅमेराच उचलून आणला होता. (मालकाला विचारून, असं तो म्हणाला. मालक काय म्हणाला असता ते मला माहीत नाही.)

"दादा, राक्षस, देव, राजे यांचे चित्रपट लोकांनी खूप बघितले," दिनू म्हणाला. "मी खऱ्या माणसाचा खरा चित्रपट काढणार. नुसतं चालणं! रायगडावरून निघून प्रतापगडापर्यंत. एक माणूस चालतोय, चालतोय, चालतोय..."

"माणूस कोण?"

"तू!"

मी नाही म्हणणार होतो. पण दारामागं सगुणाच्या बांगड्या वाजल्या, आणि मी हो म्हणालो.

दसरा झाला आणि आम्ही निघालो. नाते, पाचाड, रायगड. तिथून खाली उतरून पोलादपूर, आणि पुढं घाट चढून प्रतापगड. मी खरोखर चाललो हो! दिनू पुढं पळून कॅमेऱ्याचं हँडल फिरवायचा आणि ओरडायचा, "मागं जा! पुन्हा चढ! चेहऱ्यावर कष्ट दिसू देत!" कष्ट दिसत होतेच. त्यामुळे प्रत्येक चढ मी दोनदा चढलो आणि शपथेवर सांगतो, इतर कुणाहीपेक्षा मी तो रस्ता जास्त चाललो आहे. सासुरवाडीला वाट वाकडी करावी असं एकदा मनात आलं होतं. पण दिनू म्हणाला, "तिथं पाहुणचारात अडकशील, चित्रपट होऊ दे, मग एकदम पडद्यावरच दाखवू त्यांना." तेव्हा मला हे फार हुशारीचं वाटलं.

परत आलो तेव्हा घरी आत्याची साफसफाई चालू होती. आमची आत्या म्हणजे घराची कारभारीण. पावसाळ्यात दमट झालेल्या प्रत्येक वस्तूला दसऱ्यानंतर ऊन दाखवायचं, हा तिचा नेम. गोधड्या, डाळी, कोकमं, पापड, सगळं अंगणात पसरलेलं असायचं. आम्ही कॅमेरा आणि डबे माजघरात ठेवले आणि मेल्यासारखे झोपलो.

उठून बघतो तर अंगणात, पापडांच्या शेजारी, आमचा रायगड ते प्रतापगड पसरलेला!

"दिन्या, तुझ्या त्या पट्ट्या दमट लागत होत्या रे," आत्या म्हणाली. "बुरशी धरली असती. छान ऊन दाखवलं. उलटसुलट करून!"

दिनू अंगणात बसला. नंतर आडवा झाला. (सूर्यप्रकाश लागला की धुवायच्या आधीची फिल्म कायमची आंधळी होते, हे मला त्या दिवशी कळलं. आत्याला अजूनही पटलेलं नाही.) कॅमेऱ्यात राहिलेली शेवटची थोडी पट्टी तेवढी वाचली होती. पुन्हा चालायला दिवस नव्हते, कारण दिनूची रजा आणि मालकाचा संयम दोन्ही एकदमच संपत आले होते.

"राहू दे," मी म्हणालो. "मी चाललो ते चाललो."

तेवढ्यात सगुणा आली. चेहरा असा उजळलेला मी लग्नातही बघितला नव्हता. "अवो, बाजाराला आलेल्या मानसाकडं निरोप धाडलाय मी माहेरी. म्हटलं, मास्तर रायगडावरनं प्रतापगडाला चालत गेले, तंबूत चित्रपट लागंल तवा समद्यांनी या!"

मी दिनूकडे बघितलं. दिनूनं नदीकडे बघितलं.

आमच्या घराच्या मागं सावित्रीचा काठ. तिथं बायकांच्या कपडे धुवायच्या मोठमोठ्या धोंडी आहेत, सपाट, काळ्या. आधी दिनूनं मला नवी काठी देऊन घराच्या दारातून पुन्हा बाहेर पडायला लावलं, मग तो धोंडींवरच्या आंब्याच्या फांदीवर चढला आणि कॅमेरा सरळ खाली रोखला. वरून बघितलं की आडवी धोंड उभ्या कड्यासारखी दिसते, असं कंपनीत तो शिकला होता. मी धोंडीवर पालथा पडलो आणि सरपटायला लागलो.

"घाबर!" दिनू वरून ओरडला. "खाली दरी आहे!"

"खाली धोंड आहे!"

"पाय निसटू दे!"

"निसटून जाणार कुठं? मी जमिनीवर आहे!"

दिनूचा एक डोळा भिंगाला चिकटलेला, दुसरा मिटलेला, आणि फांदीवरच्या तांबड्या मुंग्या त्याच्या पोटऱ्यांना. त्यामुळे आजूबाजूला काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं. मला तर धोंडीशिवाय काहीच दिसत नव्हतं. फिल्म त्यानं मुंबईत कंपनीच्या नकळत धुऊन घेतली. लावून बघायची सोय नव्हती. डबा तसाच महाडला आला.

बोलपट तेव्हा मुंबईत आले होते, महाडपर्यंत पोचायचे होते. आमच्याकडे फिरता तंबू यायचा, आणि पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून पाट्या मोठ्यानं वाचायचा. तंबूवाल्यानं आमची फिल्म मोठ्या आनंदानं घेतली, कारण गावचा माणूस पडद्यावर म्हटल्यावर गाव लोटणारच. मुख्य खेळाच्या आधी आम्ही.

सासुरवाडीची झाडून सगळी माणसं आली. पहाटे निघून, डोंगर उतरून, पोलादपूर मागं टाकून, चालत! आमच्या ओटीवर भाकरी सोडताना सासरे म्हणाले, "मास्तर, चालन्याचा चित्रपट बगाय चालत आलो, झालं!"

तंबूत मध्ये दोर बांधून बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. मी सासरे आणि गणूदादा यांच्यामध्ये बसलो. पलीकडे सगुणा, तिची आई, आमची आत्या आणि शेजारच्या ताराकाकू. पेटी वाजली. दिवे गेले. पडद्यावर आमच्या घराचं दार उघडलं आणि काठी घेऊन मी बाहेर पडलो. टाळ्या! मी उगाचच टोपी नीट केली.

"काटी नवीन दिसते," सासरे म्हणाले.

"पान्याचं काय घेतलं न्हाय?" गणूदादा.

पाटी आली. तंबूतला माणूस गरजला, "आणि असे योजनामागून योजने तुडवीत तो प्रतापगडाच्या पायथ्याशी येऊन ठेपला!"

"कवा?" सासरे दचकले. "आत्ता तर दारातून भायेर पडला!"

"आबा, चित्रपटात असंच असतं," मी पुटपुटलो.

"मंग चालन्याचं कुटं हाय ह्यात? बसला नाय, पानी प्याला नाय, वहान तुटली नाय, वाटेत कुनी भेटला नाय. मानूस चालतो तवा ह्येच तर असतं समदं!"

आजूबाजूची त्यांची माणसं "व्हय व्हय" करायला लागली. आयुष्यभर चाललेले लोक ते, आणि त्यांना माझं चालणं कुठं सापडेना. मला सांगावंसं वाटलं की आबा, ते सगळं होतं, वहाण तुटली होती, नाते गावात एका म्हातारीनं ताक दिलं होतं, पण ते सगळं पापडांच्या शेजारी वाळलं! पण तेवढ्यात कडा आला.

"हा कडा पाहून पाषाणालाही कापरे भरेल!" तंबूतला माणूस ओरडला.

आणि काय सांगू, तो कडा दिसला खरा! काळाकभिन्न, ताडासारखा उभा, आणि त्याला पालीसारखा चिकटलेला मी. तंबू चिडीचूप. माझा पाय निसटला तशी बायकांच्या बाजूनं किंकाळी आली. गणूदादांनी माझा दंड गच्च धरला. "मास्तर, जपून वो!" ते पडद्याकडे बघत म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्यासाठी घाबरले होते. दोराच्या पलीकडे मी सगुणाला शोधलं. ती आईला कोपरानं ढोसत होती, बघ, बघ म्हणून. माझी छाती भरून आली, आणि अगदी त्याच क्षणी उभ्या कड्याच्या तळातून एक कोंबडी आली.

ती घाईत नव्हती. दाणे टिपत, मान वाकडी करत, सरळ उभा कडा चालत चालत चढली. माझ्या कानाशी थांबली. टोपीवर एक चोच मारली. आणि मला मागं टाकून वर निघून गेली!

अख्खा तंबू पुढं वाकून बघायला लागला.

"अगं बाई!" आत्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "तारा, ही तुझी तुरेवाली नव्हे?"

"तीच ती!" ताराकाकू उठून उभ्या राहिल्या. "म्हटलं रोज दुपारी जाते कुठं!"

"आणि ती बघ, माझी धोंड!" आत्या अभिमानानं म्हणाली. "माझी धोंड चित्रपटात आली!"

"तुझी? ती धोंड माझी! कोपरा तुटलाय बघ डाव्या अंगाला!"

"कोपरा माझ्याच धुण्याच्या मोगरीनं तुटला! लग्नाआधीपासून धुतेय मी तिच्यावर!"

"आणि माझ्या सासूबाई धुवायच्या त्या कशावर गं? आकाशात?"

धोंडीचं हे भांडण आमच्या आळीत जुनंच होतं, पण आजवर त्याला एवढा मोठा पडदा मिळाला नव्हता. आत्या थेट पडद्यापाशी गेली आणि माझ्या पाठीवर बोट ठेवून हद्द दाखवायला लागली. "हा इथं चढतोय ना, तिथंपर्यंत माझी!" मग तंबू फुटला. लोक हसून बाकांवरून खाली पडले. पेटीवाल्याची पेटी बंद पडली. पडद्यावर मी बिचारा घाबरून घाबरून सरपटतच होतो!

गणूदादांनी माझा दंड सोडला. हळूच सोडला, म्हणून जास्त लागलं. सासरे विडी शोधत राहिले. सगुणानं पदर तोंडावर ओढून घेतला होता. ती हसत असेल अशी मला आशा होती. ती हसत नव्हती.

घरी आल्यावर मी म्हणालो, "अगं, मी खरंच चाललो गं. देवाशपथ."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "तुमच्या पायाला तेल कुनी लावलं? मीच ना! पन मी आता माहेरी कंच्या तोंडानं जाऊ?"

जमिनीनं पोटात घ्यावं म्हणतात. मला तर जमीनच वरच्या वर पडद्यावर टांगून ठेवत होती. पहाटे सासुरवाडीची माणसं परत निघाली. मी वहाणा चढवल्या आणि सगुणाला म्हणालो, "चल. याच तोंडानं."

दिवसभर चाललो. कुणी हँडल फिरवत नव्हतं, कुणी पाट्या वाचत नव्हतं. गणूदादा अधूनमधून मागं वळून बघत होते, गाडी कुठं गाठायची या हिशेबानं. मी गाडी मागितली नाही. टाचेला फोड आला, फुटला, दुसरा आला. पोलादपुरात पाणी प्यालो, पुढच्या चढणीला वहाण तुटली, ती हातात घेतली. दिवेलागणीला मी लंगडत लंगडत त्यांच्या अंगणात शिरलो. सासऱ्यांनी माझ्या पायांकडे बघितलं.

"चाललात वो मास्तर," ते म्हणाले, आणि स्वतः उठून त्यांनी मला गरम पाण्याचा तांब्या दिला. सगुणा उंबऱ्यात उभी होती. दिवाळसणाला याच अंगणात हरवलेलं हसू तिच्या तोंडावर परत आलं. माझे डोळे भरून आले आणि मी ते धुराच्या माथी मारले.

"जावय चालत आलाय, कोंबडी कापा!" सासरे गरजले.

कोंबडी पकडायला पोरं धावली. कोंबडी त्यांच्या हातातून सुटली, अंगणाला एक फेरी मारून घरामागच्या दरडीवर चढली, आणि टोकाला जाऊन बसली. दरड उभी. अगदी चित्रपटातल्यासारखी, फक्त खरी.

सगळी वाडी हळूहळू माझ्याकडे वळली.

"मास्तर," गणूदादा अतिशय गंभीरपणे म्हणाले, "तुमीच जावा. तुमचा हात बसलाय."

"ते चालतात!" सगुणा फणकारली. "चढतात असं मी कवा बोलले?"

बायको एवढी बाजू घेते म्हटल्यावर मला चेव आला. मी धोतर खोचलं आणि निघालो. अर्ध्या वाटेवर पाय निसटला, आणि या वेळी खाली धोंड नव्हती, शेणाचा उकिरडा होता. कोंबडी वर राहिली, मी खाली आलो, आणि त्या रात्री चालत आलेल्या जावयाला सासुरवाडीनं मोठ्या प्रेमानं कुळथाचं पिठलं वाढलं.