उसाचं कांडं आणि डोक्यातली नवी वाट

सगळा विभाग त्याला ‘हलूनका’ म्हणायचा. एमआरआयच्या खोलीत बारा वर्षं त्याच्या तोंडून दुसरा शब्दच निघाला नव्हता. बायको म्हणायची, “घरी तरी जरा हला की!”

नोकरी हंगामी. यंदा कायम व्हायची होती. कागद मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर सहीला पडला होता.

हे डॉक्टर मेंदूच्या पांढऱ्या भागातल्या वाटा शोधत. तिथं धाग्यांच्या जुड्या असतात. पाणी धाग्याच्या कडेनं सरसर सरकतं, आडवं जायला अडतं. मशीन ते सरकणं वेगवेगळ्या दिशांनी मोजतं अन् संगणक त्यावरून रेघा ओढतो. यंदा रेघांत एक नवीच तिरकी वाट निघाली, तीही तपासलेल्या चाळीसच्या चाळीस डोक्यांत! डॉक्टरांनी वाटेला स्वतःचं नाव द्यायचं ठरवलं. सासुरवाडीला कळवूनही झालं.

हलूनकाला मात्र शंका आली. चाचणीसाठी दर सोमवारी मशीनमध्ये त्याचंच डोकं जायचं. मशीनच्या दुरुस्तीआधी त्यात ही वाट नव्हती, नंतर उगवली. अन् दुरुस्तीनंतर मशीननं मोजायच्या दिशांचा तक्ता त्यानंच भरला होता.

उसातही सरळ धागे अन् पाणी असतंच. त्यानं बाजारातून उसाचं कांडं आणलं, मशीनमध्ये उजवीकडं कलतं ठेवलं. सवयीनं म्हणाला, “हलू नका.” उसानं ऐकलं. पडद्यावर कांडं बरोबर दिसलं, रेघा मात्र त्याच्या उलट बाजूला कलल्या. चित्रातली डावी ती माणसाची उजवी, या शहाणपणानं त्यानं एक रकाना उलटा भरला होता. मशीन तो हिशेब आपला आपण करत होतं.

“डॉक्टरांना नाहीच सांगितलं तर?” घरी बायकोनं विचारलं.

“माझ्या चुकीला डॉक्टरांचं नाव लागेल.”

“लागू दे की. मोठं नाव आहे.”

“अन् उद्या कुणी ती वाट खरी मानून डोक्यात सुरी घातली म्हणजे?”

बायको म्हणाली, “सांगा. पण आधी डबा खा, नंतर घास उतरायचा नाही.”

दुपारी त्यानं कांडं डॉक्टरांपुढं ठेवलं. “साहेब, हा ऊस कलला इकडं, मशीन म्हणतंय तिकडं. तक्ता मी चुकवला.”

“घालवतोच तुला!” डॉक्टरांनी कामावरून काढायचा कागद ओढला. भराभर भरला अन् ‘कारण’ या रकान्यापाशी पेन अडलं. कारण लिहायचं म्हणजे चाळीस डोकी लिहायची, वाटेचं नाव लिहायचं, ऊस लिहायचा.

मग त्यांनी तो कागद फाडला अन् दुसऱ्यावर सही ठोकली. कायम करण्याचं कारण लिहिलं: ‘कामात अत्यंत काटेकोर.’