दुसऱ्या वेळचं पाणी

हे मी सुलभालाही सांगितलेलं नाही. बायको आहे माझी, इतकी वर्षं माझ्या घोरण्यावरून सकाळी उठल्या उठल्या भांडते — तिलाही नाही. देवापुढं हात जोडतो तेव्हा इतर सगळं बोलतो आणि हे तेवढं गिळतो. आज तुम्हाला सांगायला बसलोय. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

ओळखणारे भलतंच सांगतील. जुळे सोलापुरात आमच्या कॉलनीत कुणालाही विचारा — बांधकाम खात्यातनं रिटायर झालेले इंजिनिअर, पेटत्या हेलिकॉप्टरातनं पायलटला ओढून काढणारे ते! पेटलं वगैरे काही नव्हतं हो. धूर होता नुसता. आग नंतर लोकांनी लावली आणि मी ती विझवली नाही. शाल मिळाली, नारळ मिळाला, पेपरात फोटो आला. पण ते खोटं किरकोळ आहे. मी त्याबद्दल बोलत नाहीये.

कसं सांगू? आधी हेलिपॅडचं सांगतो.

आमच्याकडं कुणी मोठा माणूस हवेतून येणार असला की आमच्या खात्याची पळापळ. माळावर जागा सपाट करायची, चुन्यानं मोठा एच काढायचा, वारा कुठला ते वरून कळावं म्हणून ओला कडबा धुमसत ठेवायचा. आणि पाणी मारायचं — हे सगळ्यात महत्त्वाचं. सोलापूरचा माळ, त्यात उन्हाळा! पंख्याच्या वाऱ्यानं असा फुपाटा उठतो की उतरणाऱ्याला जमीनच दिसत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी एकदा भरपूर पाणी, आणि उतरायच्या जरा आधी पुन्हा एकदा. ते दुसऱ्या वेळचं पाणी खरं. पहिलं तर ऊन पिऊन टाकतं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. नवीन लागलेल्यांना मीच शिकवायचो की.

त्या दिवशी अक्कलकोटच्या रस्त्याला, शहराबाहेर एका माळावर काम होतं. मुंबईचे कुणी मोठे सरकारी पाहुणे गाडीनं आले होते, त्यांना पुढं न्यायला हेलिकॉप्टर रिकामंच येणार होतं. आत फक्त पायलट कॅप्टन सबनीस आणि त्यांचा टेक्निशियन थॉमस. दोघांशीही माझी ओळख होती, आधीही येऊन गेले होते. थॉमस केरळचा. मराठी मोडकंतोडकं, पण शेंगाचटणीची पुडी हक्कानं मागून न्यायचा. त्या दिवशीही मी त्याच्यासाठी पुडी आणली होती.

आणि त्याच संध्याकाळी माझ्या मुलीचा, मुग्धाचा साखरपुडा. विजापूरची पाहुणेमंडळी सकाळीच दारात हजर, आणि सुलभाचा फोन — टाकीत खडखडाट! आमच्या नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. व्याही आंघोळीला खोळंबलेत, काहीतरी करा की, म्हणून ती रडकुंडीला आलेली.

खासगी टँकर मिळाला नसता का? मिळाला असता, एका फोनवर. शेजाऱ्यांनी चार घागरी दिल्या नसत्या का? दिल्या असत्या. पण माझ्यासमोर सरकारी टँकर भरून उभा होता, दुसऱ्या वेळच्या पाण्याचा. आणि — खरं बोलायला बसलोय तर हेही बोलतो — व्याह्यांच्या डोळ्यांदेखत आपल्या दारात सरकारी टँकर येऊन थांबावा, हे मला हवंच होतं. रुबाब, दुसरं काय! ड्रायव्हर भीमाला म्हणालो, हा घरी रिकामा करून ये, मग बघू. भीमा हसला. "व्हय की सायेब, आज जावईबापूंच्या पायावर पानी पडायाच पायजे," म्हणाला आणि गेला.

तो परत यायच्या आत हेलिकॉप्टर आलं. आधी आलं नाही, उशिरा आलं नाही. वेळेवर आलं.

त्याच्या जरा आधी सुलभाचा पुन्हा फोन आला होता. व्याही म्हणाले म्हणे, साहेबांचा लई वट हाय की! मी खूश. ते हसू तोंडावर तसंच असताना वर घरघर ऐकू आली. तेव्हाही वेळ होती. पोलिसांकडं वायरलेस होता, लाल झेंडी होती, वरच्या वर थांबवता आलं असतं. मी जमिनीकडं बघितलं — कोरडी ठणठणीत. आणि स्वतःशी काय म्हणालो माहीत आहे? चालतंय. त्या एका शब्दावर मी आख्खी नोकरी काढली होती.

मग धूळ उठली. हेलिकॉप्टर तिच्यात शिरलं आणि दिसेनासं झालं. नुसता आवाज. मग तो आवाज बदलला, आणि पंखा जमिनीला लागला तेव्हा पायाखाली हादरा बसला. मी पळालो. हे मात्र खरं आहे, सगळ्यांच्या आधी मी पळालो — कारण काय झालंय ते सगळ्यांच्या आधी मला कळलं होतं. सबनीस माझ्या बाजूला होते, त्यांना ओढून काढलं. थॉमसच्या अंगावर ते आडवं झालं होतं. त्याचा हात माझ्या हाताला लागला. मी हाका मारल्या. त्यानं ओ दिली नाही.

अग्निशमनच्या गाडीनं सगळीकडं पाणी मारलं. बघता बघता चिखल झाला. आणि त्या चिखलाकडं बघताना — थॉमस अजून आतच होता — माझ्या मनात आलं, आता कुणाला कळायचं नाही. असा विचार येतो माणसाला! दुपारी घरी जाऊन मी अंगावरचं रक्त धुतलं. टाकी भरलेली होती. साखरपुडाही झाला. व्याही ज्याला त्याला माझं धाडस सांगत होते आणि मी नको नको म्हणत ऐकत होतो.

तपासाला दिल्लीची माणसं आली, आणि हेलिकॉप्टर ज्या देशात बनलं तिथलीही दोघं आली. जगभर रीत आहे तशी. त्यातली एक उंच, पिकल्या केसांची बाई उन्हानं लालबुंद होऊन माळावर गुडघे टेकायची आणि माती चिमटीत घेऊन बघायची. तिनं मला सावलीत बसवलं, आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. मग जे बोलली ते आमच्या अधिकाऱ्यानं मराठीत सांगितलं, पण मला आधीच समजलं होतं. आम्ही कुणाला पकडायला आलो नाही, म्हणाली. शिक्षा करणं आमचं कामच नाही. इथं काय घडलं ते आम्ही सगळ्या देशांना कळवणार, म्हणजे दुसरीकडं कुणाचा तरी जीव वाचेल. मोकळेपणानं सांगा.

याहून सोपं कुणी काय करून देणार होतं? ती ओरडली असती, दरडावलं असतं, तर आज म्हणता तरी आलं असतं की घाबरलो. तिनं साधं विचारलं, पाणी किती वेळा मारलं?

दोनदा, मी म्हणालो.

मग इतकी धूळ कशी? इथं मी इंजिनिअरचं डोकं चालवलं. मुरमाड माळ आहे मॅडम, वरून हे ऊन, कितीही मारा, ही जमीन पाणी धरत नाही. तिनं मान डोलावली, लिहून घेतलं. ज्या मातीत जन्मलो तिच्यावर आळ घेतला मी! भीमाला विचारलं तर तो म्हणाला, "सायेब सांगत्यात तसंच." माझ्याकडं बघितलं नाही त्यानं. पुढंही कधी नीट बघितलं नाही.

अहवालात आलं, जमिनीची तयारी नियमाप्रमाणे होती. धुळीत शिरल्यावर पायलटनं लगेच वर जायला हवं होतं, त्यानं उशीर केला. केला असेल. पण धूळ कुणाची होती? जगाला खरं तर एवढंच कळायला हवं होतं — खाली ताजं पाणी मारलंय का ते कुणीतरी डोळ्यांनी बघून सांगेपर्यंत उतरू नका. ते कुठंच गेलं नाही. देशोदेशी गेलं ते माझं मुरमाचं शहाणपण. त्यानंतर कुठल्या परक्या माळावर कुणी असंच उतरलं असेल का? मला कळायला मार्ग नाही. कळलं असतं तरी मी गप्पच बसलो असतो. स्वतःला ओळखतो मी.

सबनीसांची पाठ गेली. पुण्याला असतात, काठी घेऊन चालतात, पुन्हा उडाले नाहीत. दर दिवाळीला फोन करतात, तुम्ही मला जीवदान दिलंत म्हणतात. एकदा थॉमसच्या बायकोला भेटायला केरळला जाऊन आले. तिनं दार उघडलं नाही. ते सांगताना फोनवर रडले बिचारे. असं मनाला लावून घेऊ नका, मी म्हणालो. मी! दरवेळी जिभेच्या टोकावर येतं. पूर्वी नोकरी आठवायची, मग पेन्शन, मग मुग्धाच्या सासरची माणसं. आता तर कशाचीच भीती उरलेली नाही. तरी नाही बोललो.

गेल्या महिन्यात त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. परदेशातली मोठी सभा. देशोदेशीचे पायलट, तपास करणारी माणसं, एकमेकांच्या अपघातांतून शिकायला जमलेली. सबनीस काठी टेकत पुढं गेले आणि इंग्रजीत सावकाश बोलले. म्हणाले, खालच्या माणसांनी आपलं काम चोख केलं होतं. जमीन दोनदा भिजवली होती. त्यांतल्याच एकानं मला बाहेर काढलं. चूक माझी होती, माझा मित्र माझ्यामुळं गेला. तुमच्या हातून असं होऊ नये म्हणून मी हे सांगतोय. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या नाहीत, नुसते उभे.

सुलभा माझ्या खांद्यावरून बघत होती. केवढं मन आहे हो या माणसाचं, म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

संध्याकाळी सबनीसांचा फोन आला. "पाहिलंत का हो? तुम्ही तिथं होतात, म्हणून तुम्हालाच विचारतो. जसं झालं तसंच सांगितलं ना मी?"

"हो साहेब," मी म्हणालो. "अगदी तसंच."