बाचा जर्मलचा गिलास

आमच्या घरात पुस्तक एकच होतं, पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आणि ते वाचता येणारं माझ्याआधी घरात कुणी नव्हतं. बा लोकांच्या शेळ्या राखायचा, माय दुसऱ्यांच्या रानात निंदायला जायची. गाव कनेरगाव नाक्यापासून तासाभराच्या पायवाटेवर, आणि आमचं ख्रिस्ती देऊळ हिंगोलीला. मी शाळेत असताना बाला टीबी झाला. घरात त्याचं सगळं वेगळं झालं. ताटली वेगळी, अंथरूण वेगळं, आणि पाणी प्यायला काठाला चेपलेला जर्मलचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एक गिलास. तो खिडकीत पालथा असायचा. सरकारी दवाखान्याच्या गोळ्यांनी बा बरा झाला, तसं सर्टिफिकेट मिळालं. ते त्यानं शास्त्राच्या पानांत जपून ठेवलं. खोकला काही पुरता गेला नाही, आणि गिलासही वेगळाच राहिला. का राहिला, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आमच्या मंडळीत, म्हणजे देवळाच्या समाजात, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस वाटून घ्यायचा विधी. त्याचा रस मायच्या हातचा. मिशनच्या मडमेनं माझ्या आजीला शिकवलेलं हे काम आमच्या घराकडंच राहिलं होतं. काळे मनुके भिजवायचे, उकळायचे, कुस्करून पांढऱ्या फडक्यातून गाळायचे. माय ती बाटली पदराखाली धरून एसटीनं न्यायची. रस चांदीच्या प्याल्यात ओतला जायचा आणि तो प्याला पुढच्या बाकांवरच्या शहरी घरांत फिरायचा. आम्हा खेड्यातल्यांसाठी मागं स्टीलच्या चिमुकल्या पेल्यांचा ट्रे यायचा. नाव आरोग्याचं. पुढं बसणाऱ्यांचे आजेही आमच्यासारख्याच गावकुसाबाहेरच्या वस्तीतले, फक्त आमच्या आधी ख्रिस्ती झालेले. त्यांना मिशनच्या शाळेत, दवाखान्यात नोकऱ्या लागल्या आणि ते वस्ती विसरले. मायच्या हातचा रस त्यांना चालायचा, तिचे ओठ प्याल्याला चालत नव्हते. हे लिहिताना आजही तोंड कडू होतं.

मी बी.ए. झालो, इतिहास घेऊन. घरातला पहिला, वस्तीतलाही पहिला. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे, लपवत नाही. कॉलेजच्या लायब्ररीतून युरोपच्या इतिहासाचं पुस्तक परीक्षेसाठी आणलं आणि ते परत करवेना. पाच-सहाशे वर्षांपूर्वी तिकडं साध्या माणसाला फक्त भाकर मिळायची, प्याला याजकांचा. बोहेमिया नावाच्या मुलखात एक उपदेशक चर्चच्या गैरकारभारावर बोलला, त्याला जिवंत जाळलं. त्याच्या मागच्या लोकांनी निशाणावर प्यालाच काढला आणि तो सगळ्यांना मिळावा म्हणून लढाया केल्या. पुढं शंभर वर्षांनी सुधारणेची मोठी लाट आली. आम्हाला बाप्तिस्मा देणारं मिशन त्याच लाटेतून निघालेलं. म्हणजे माणसं जळाली, कापली गेली, तो प्याला समुद्र ओलांडून हिंगोलीपर्यंत आला, आणि आमच्या देवळाच्या मधल्या वाटेत येऊन अडकला.

हे सगळं मी तीन फुलस्केप पानांवर लिहून मंडळीच्या पंचांच्या सभेत दिलं. एकच प्याला सगळ्यांना फिरवावा, एवढंच मागणं. सेक्रेटरींनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "बी.ए. झालास म्हणून सुधारक झालास का रे? आधी बापाचा खोकला सुधार." सगळे हसले. पाळकसाहेब, आमचे धर्मगुरू, हसले नाहीत, खाली बघत राहिले. त्यानंतर ठराव झाला की आजारी सभासदानं ट्रेलाही हात लावू नये. आजारी सभासद कोण, हे लिहायची गरज नव्हती. घरी येऊन बाला सांगितलं. तो थोडा वेळ शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "तुह्या अर्जापायी माझा पेलाबी गेला, लेका," एवढंच बोलला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

हिंगोली जिल्हा झाला, त्याच वर्षी बा अंथरुणाला खिळला. छातीचा नुसता पिंजरा उरला होता. गोळ्या नको म्हणाला, घरच्या शेळ्या विका म्हणाला, आणि मग म्हणाला की एकदा प्रभुभोजन पायजे. मी हिंगोलीला गेलो. पाळकसाहेब येणारच, असं धरून आधी बाजारातून मनुके घेतले, मग त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी चहा दिला, खुर्ची दिली, आणि सांगितलं की ठराव आहे, पंचांना विचारावं लागेल, सभा पुढच्या रविवारी. बा तोवर टिकेल का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. माझा ताठा होता, हात जोडवेनात.

नाक्यावर उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. ढाब्याच्या बाकड्यावर बसून मी पुडी फोडली आणि ते मनुके मुठीनं खाऊ लागलो. भूकही होती, पण रागानं खात होतो. प्रार्थना माझ्यातून केव्हाच आटली होती. वाशीमकडून आलेली एक गाडी पंक्चर होऊन उभी होती, तिच्यातला एक म्हातारा काठी टेकत शेजारी बसला. त्याच्या चपलेचा अंगठा तुटलेला, सुतळीनं बांधलेला.

"एवढे मनुके कायले रे बाप्पा?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, प्रभुभोजनाला आणले होते, आता देणारा कुणी नाही, म्हणून मीच संपवतोय. मग सगळं ओकून टाकलं. पेले, अर्ज, खोकला, ठराव. शेवटी म्हणाला की तो रिटायर झालेला पाळक आहे, लेकीकडं सेनगावला निघालाय. कोणत्या मिशनचे, मी विचारलं. माझं शिक्षण तिथंही आडवं आलं.

"तुह्या बापाले तहान लागली हाय ना? मंग मिशन कायले पुसतं? चाल, घर दाखव."

आम्ही पायवाटेला लागलो तेव्हा मागं गाडी दुरुस्त होऊन हॉर्न वाजवू लागली. त्यानं वळून पाहिलं नाही.

मायनं उरलेले मनुके उकळून रस काढला. ज्वारीची भाकर होतीच. प्याल्यासाठी तिनं फळीवरचा लखलखीत स्टीलचा गिलास पुसून आणला. म्हाताऱ्याची नजर खिडकीकडं गेली. तो गिलास कोणाचा, त्यानं विचारलं. माय खाली बघत म्हणाली, ह्यांचा. "मंग थोच आन," तो म्हणाला.

प्रार्थना छोटी झाली. तो स्वतः त्या चेपल्या काठाला ओठ लावून प्याला. मग बा प्याला, म्हाताऱ्यानं त्याची मान धरली होती. मग माय. मग गिलास माझ्यापुढं आला आणि माझा हात उठला नाही. एका प्याल्यासाठी तीन पानं लिहिणारा हात. इतक्या वर्षांत मी त्या गिलासातून घोटभर पाणी प्यालो नव्हतो. सेक्रेटरी निदान परका होता.

बानं पाहिलं. त्याच्या तोंडावर हसू आलं, ते मला आजही सोसत नाही. "पी लेका," तो म्हणाला. "सर्टिफिकेट हाय माझ्यापाशी. पुस्तकात ठेवलंय."

मी प्यालो. गोड रस आणि जर्मलची चव. बानं डोळे मिटले आणि त्याचा श्वास कितीतरी दिवसांनी संथ लागला.

म्हाताऱ्याला मी नाक्यावर जीपमध्ये बसवलं. नाव विचारायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. पुढं सेनगावात चौकशी केली, पत्ता लागला नाही. लोक म्हणतात देवदूत असेल. मला ते ठाऊक नाही. मला ती सुतळी आठवते.

बा पंधरवड्यात गेला. मी पुन्हा अर्ज लिहिला नाही. पुढच्या पहिल्या रविवारी देवळात साक्षीच्या वेळेला, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांपुढं सांगायच्या वेळेला, उभा राहिलो आणि माझा हात कसा उठला नाही, तेवढंच सांगितलं. पंचांबद्दल अक्षर काढलं नाही. कुणी हसलं नाही. पाळकसाहेब रडले. लगेच काही बदललं असं नाही. काही वर्षं गेली, मग पाळकसाहेबांनीच ट्रे बंद करायचा ठराव मांडला, त्यावर दोन घरं रागावून दुसऱ्या मंडळीत गेली, सेक्रेटरी शेवटपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मी सुधारणा मागायला पुस्तक घेऊन दुसऱ्यांच्या दारी गेलो होतो, प्रभूनं सुरुवात माझ्या खिडकीपासून केली. मी हरलो होतो, मनुके चघळत बसलो होतो, तेव्हाच तो आला. त्याचे उपकार मानतो. पण बा देवळाच्या प्याल्यावाचून गेला, हे मी विसरलो नाही आणि विसरणारही नाही.

आता आमच्या देवळात ट्रे नाही. एकच चांदीचा प्याला आहे, तो मागच्या बाकापासून सुरू होतो, आणि ज्या रविवारी हे पहिल्यांदा झालं, त्या रविवारी त्यातून सगळ्यांच्या आधी माझी माय प्याली.