पावतीकाकांचे आभार

कारखान्यात त्यांना सगळे पावतीकाका म्हणत. भांडारातून साधा खिळा द्यायचा झाला तरी सही घेतल्याशिवाय हातातून सोडायचे नाहीत. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा मात्र मालकाने त्यांना नुसतं तोंडी सांगून घरी पाठवलं, आणि काकांना सही मागायचंही सुचलं नाही. मग मुलाखतींचा सपाटा सुरू झाला. वय ऐकलं की समोरच्याचा चेहरा पडायचा. काका घरी येऊन त्या चेहऱ्यांच्या नकला करायचे आणि बायको, मुलगी हसून बेजार व्हायच्या.

ही मुलाखत औषधांच्या गोदामातली. ही गेली तर पुढे कुठे विचारायचं, हे काकांना खरंच ठाऊक नव्हतं. तिथल्या मॅनेजरबाईंनी चक्क चहा विचारला.

"बाबा, आता त्यांना आभाराचा मेसेज करायचा," काका घरी आल्यावर मुलगी म्हणाली. "हल्ली तशी पद्धत आहे."

"अजून दिलंय काय त्यांनी, आभार मानायला?"

"चहा दिला ना! तुम्ही सांगा, मी टाइप करते."

काकांचा फोन नुसता बोलायचा, म्हणून मेसेज तिच्या फोनवरून. काका येरझाऱ्या घालत सांगू लागले. 'आपण वेळ दिलात, आभारी आहे.' खरं तर एवढ्यावर थांबायचं. पण जीव टांगणीला लागलेल्या माणसाला थांबता येतं होय? 'पगार कमी चालेल' झालं, 'रात्रपाळी करीन' झालं. 'खोकीही उचलीन' म्हटल्यावर तिची बोटं थांबली.

"बाबा, हे आभार नाहीत. मी खोडते."

"खोड. पण खाली 'पोच द्यावी' तेवढं राहू दे."

तिने मान हलवली आणि बराच वेळ टाइप करत बसली.

दुसऱ्या दिवशी ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली असताना फोन वाजला. काकांनी झडप घातली. मॅनेजरबाईंचा मेसेज होता.

'नमस्कार. माफ करा, वरून दुसऱ्यांचं नाव आलं, माझ्या हातात काही नव्हतं. तू बाबांबद्दल लिहिलेलं दोनदा वाचलं गं.'

काकांना उलगडा होईना. त्यांनी वरचा मेसेज काढला. आभार होते, 'पोच द्यावी' होतं. त्याखाली आणखी होतं.

'मॅडम, मी त्यांची मुलगी. हे त्यांना माहीत नाही. बाबा आम्हाला खूप हसवतात. मग आंघोळीला जातात आणि नळ मोठा सोडून रडतात. आम्हाला ऐकू येतं. त्यांना कळू नये म्हणून आम्ही हसतो. प्लीज, त्यांना घ्या.'

"आलं का काही?" आतून बाहेर येत बायकोने विचारलं.

मुलगी कपडे घेऊन दारात आली. काकांच्या हातात फोन बघून तिने हसरा चेहरा केला. काका त्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"नाही झालं गं," ते म्हणाले, आणि तिथेच, दोघींच्या देखत, त्यांना रडू फुटलं.