नाहूरचे दोन ‘मद्रासी’ वर्ग

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला एका दुपारी मी तमिळ आणि तेलुगू मुलांचे दोन वर्ग एकत्र बसवायला सांगितलं होतं. कारण काय, तर दोन्ही मद्रासी. पालिकेच्या शाळांची पर्यवेक्षिका होते, साडीला कडक इस्त्री होती; अक्कल तेवढी घरी राहिली होती.

कांदिवलीहून नाहूरला जायचं म्हणजे मुंबईच्या पोटातून आडवं जाणं. अंधेरीपर्यंत एक बस, साकीनाक्याच्या धुळीतून घाटकोपरला दुसरी, पुढे मुलुंडकडची तिसरी. उतरले तेव्हा एप्रिलचं ऊन डोक्यावर आणि पायांत चपला की तापलेले तवे, कळत नव्हतं.

शाळा दुमजली. या दोन वर्गांच्या खोल्यांपैकी एकीचं छत गळून ती बंद पडलेली. उरलेल्या एका खोलीवरून दोन शिक्षिका महिनाभर एकमेकींशी धड बोलत नव्हत्या: तमिळच्या सेल्वीबाई आणि तेलुगूच्या अनसूयाबाई. जिला खोली मिळणार नाही तिचा वर्ग मोडणार, मुलं मराठी वर्गांत विखुरणार, हे दोघींना ठाऊक होतं.

मी माठातलं पाणी प्यायले आणि निकाल दिला. “त्यात काय, दोन्ही मद्रासी वर्ग एकत्र करा. एक बाई पुरे.”

महिनाभरात पहिल्यांदा दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

“मला तमिळ वाचता येत नाही, बाई,” अनसूयाबाई म्हणाल्या. “सेल्वीला तेलुगू येत नाही. आमी भांडतो ते पण मराठीतनं.”

“पण तुम्ही मद्रासच्याच ना?”

“मी सोलापूरची हाय ओ. आजोबा हातमागावर आले तिथं.”

सेल्वीबाई हसू दाबत म्हणाल्या, “तुमच्या मुलाला गुजराती वर्गात बसवू का? तुमचं पण आधी एकच राज्य होतं ना?”

महाराष्ट्र झाला तेव्हा शाळेत पेढे वाटणारी मी. आंध्रानंही मद्रासपासून असंच आपल्या भाषेचं राज्य मागून घेतलं होतं, हे सोयीनं विसरले होते.

डबे उघडले. पुलिहोरा (चिंचेचा भात) अनसूयाबाईंचा, तयिर सादम (दहीभात) सेल्वीबाईंचा. दोन्ही वेगळे लागले, हे ज्ञानही त्याच दिवशीचं. जेवता जेवता तोडगा निघाला: सकाळी तेलुगू, दुपारी तमिळ. तसं वर कळवायचं मी कबूल केलं.

परतताना बसच्या खिडकीला डोकं टेकून वाटलं, एवढ्या मोठ्या देशाचा संसार असाच चालत असावा. खोली एक, पाळ्या दोन, आणि जाताना फळा पुसून ठेवायचा. राज्य मराठीचं, तरी त्यातल्या तेलुगू पोराचे पहिले धडे तेलुगूत, ही राज्यघटनेनं लावून दिलेली सोय. मी ती घोटभर पाण्यासरशी मोडणार होते.

कांदिवलीत चारकोपच्या घरी पोचले तेव्हा पायांचे तुकडे पडले होते. सासूबाई मालवणच्या. माझ्या मुलाशी त्या मालवणीत बोलल्या की मी दटावायची, त्याचं शाळेतलं मराठी बिघडेल म्हणून. मद्रासीचा भाग गाळून मी त्यांना माझा पराक्रम रंगवून सांगितला. माझ्या हातात चहा देत त्या म्हणाल्या,

“तेंका वर्ग दिलंस, बरा केलंस. आता माझ्या नातवाक माझ्यावांगडा बोलाक दी.”