ब्रेकर, चार मात्रा

मास्टर तोंड उघडण्याआधी उजवा हात वर करायचे. "आधी गाडी जाऊ द्या," म्हणायचे, जरा थांबायचे आणि मगच बोलायचे. जन्मभर वरातीपुढे चालून लागलेली सवय. पण मी राहते शहराच्या टोकाला, बेसाला, पाचव्या मजल्यावर. माझ्या बैठकीतून कोणती गाडी जायची होती, ते त्यांनाच ठाऊक.

नंदनवन वस्तीतल्या एका लग्नाच्या बँडचे ते मास्टर; स्वतः क्लॅरोनेट वाजवायचे. मी तेव्हा एका कंपनीसाठी घरबसल्या सॉफ्टवेअर लिहीत होते. संगीत एका लिपीत लिहिलेलं असलं की ते दुसऱ्या लिपीत बदलून द्यायचं, एवढंच त्याचं काम. सारेगम घाला, पाच रेघांवरचे ठिपके काढा, किंवा उलट. याचा पत्ता लागल्यावर एका सकाळी मास्टर जाडजूड वही घेऊन दारात उभे.

"जयभीम बाई. डॉक्टर माह्ये वरचे सारे दात काढून राहिला. दाताबिगर क्लॅरोनेट वाजत नाही. आन् पुढच्या महिन्यात माह्या पोट्टीचं लग्न आहे."

वहीत त्यांनी स्वतः बांधलेली पाठवणीची धून होती. गल्लीतली प्रत्येक मुलगी त्या धुनेवर सासरी गेली होती. आता स्वतःच्या मुलीची पाळी आली आणि वाजवायला दात नाहीत. नवा क्लॅरोनेटवाला चर्चमध्ये शिकलेला, त्याला फक्त पाच रेघा वाचता येत. आणि मास्टरांच्या वहीतलं अक्षर मास्टरांशिवाय कुणाला लागत नसे.

"थे धून नाही वाजली तं मी पोट्टी पाठवतच नाही," ते म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते.

वही उघडली आणि मी कपाळाला हात लावला. सुरांच्या मधेमधे शब्द होते. "ब्रेकर". पुढे "मामा नाचते". आणि अगदी शेवटी, "गाय".

"मास्टर, हे काही संगीत नाही. काढून टाकते."

हात वर झाला. गाडी गेली. "काहून काढता? ब्रेकरवर चढताना वाद्य तोंडात ठेवलं तं दात जाते. आमच्या ट्रम्पेटवाल्याचा गेला. म्हणून चार मात्रा सारे चूप."

"पण लग्न लॉनवर आहे ना? तिथे कुठला ब्रेकर?"

"जमिनीत नसन. धुनेत आहे."

मी हात टेकले. ब्रेकर म्हणजे चार मात्रा शांतता, हे सॉफ्टवेअरला शिकवलं. मामा म्हणजे तीच ओळ पुन्हा, मामा दमेपर्यंत. गाईपाशी मात्र अडले.

"गाय किती मात्रांची?"

"रस्त्यात बसली गाय उठन तेवढ्या. तोवर सूर धरून ठेवाचा. मी हात खाली केला का सोडाचा."

पाच रेघांच्या लिपीत एक खूण असते, अर्धगोल आणि पोटात टिंब. अर्थ असा, की मर्जी असेल तितकं थांबा. गाय मी तिथे बसवली. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, खुणांच्या यादीत हे 'गाय' काय आहे? मी म्हटलं, प्रादेशिक परंपरा. त्यांनी गंभीरपणे टिपून घेतलं.

लग्नाच्या दिवशी मुलगी पांढऱ्या साडीत मंचावरून उतरली. मास्टर पहिल्यांदाच बँडच्या मागे, मुलीचा बाप म्हणून चालत होते, ओठ घट्ट मिटून. बँड कागदात बघून वाजवत होता आणि कुठेही चुकत नव्हता. मग त्या सपाट हिरव्या गालिच्यावर नऊच्या नऊ जण एकदम गप्प झाले. मास्टरांनी तालमीत घोटून घेतल्याप्रमाणे त्यांनी वाद्यं तोंडातून काढली, पाय उचलून काहीतरी ओलांडलं आणि पुन्हा वाजवू लागले. मागच्या बायकांनीही साड्या सावरून बरोबर तिथेच पाय उचलला. एक आजी म्हणाल्या, "जपून वं, खाली काई आहे." मी ओढणी तोंडात कोंबली.

फाटकाशी गाडी उभी होती. क्लॅरोनेटवाल्याने शेवटचा सूर धरला आणि तो मागे वळून मास्टरांच्या वर केलेल्या हाताकडे बघू लागला. तेवढ्यात मुलगी बापाच्या गळ्यात पडली. मास्टर हात खाली करायचं विसरले, की त्यांना करायचाच नव्हता, मला आजही सांगता येत नाही. सूर चालूच राहिला. क्लॅरोनेटवाल्याची मान लाल झाली, जावई गाडीचं दार धरून ताटकळला. मी अगदी जवळ होते म्हणून दिसलं. मुलीच्या पाठीवर मास्टरांच्या दुसऱ्या हाताची बोटं भराभर चालत होती. ते पुढचं काहीतरी वाजवत होते, आणि ते वहीत नव्हतं.

मास्टर गेल्या वर्षी गेले. त्यांच्याएवढं मला कुणी छळलं नाही आणि इतकी आठवणही दुसऱ्या कुणाची येत नाही. महिन्याभराने त्यांची मुलगी माझ्याकडे आली, सोबत तो क्लॅरोनेटवाला.

"बाबानं पाठीवर वाजवलं थे कागदावर उतरून द्या," ती म्हणाली.

"तुला आठवतंय?"

"पाठीले आठवते."

कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये याची सोय नाही. मी कागद घेऊन तिच्याकडे पाठ करून बसले. ती माझ्या पाठीवर बोट दाबायची, मी कुठलं ते सांगायचे, आणि क्लॅरोनेटवाला त्याचा सूर सांगायचा. अशी एक ओळ झाली. मग तिची बोटं थांबली, आणि माझ्या पाठीवर डोकं टेकून ती रडायला लागली. मी हलले नाही.